आम्ही की आपण

१२ जानेवारी २०२५
कॅरीजवळ, नॉर्थ कॅरोलायना

प्रिय मंजू,

तिळाच्या वड्यांचा डबा वेगळा पाठवला आहे. यंदा पाक जरा पुढे गेला, त्यामुळे वड्या कडक झाल्यात. दात सांभाळून खा आणि तरीही गोड बोल.

चारुता म्हणते, आई, तू आणि मंजूआत्या फोनवर का नाही बोलत? तिला काय सांगू? तू लग्न होऊन एडिसनला गेलीस तेव्हा फोन परवडत नव्हता म्हणून पत्रं सुरू झाली. आता फोन सारखा हातातच असतो, पण तुला लिहायचं ते फोनवर बोलताच येत नाही.

एक काम आहे. नाही म्हणू नकोस. तू एवढी वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळलीस आणि मराठी मंडळाच्या अंकातल्या लोकांच्या वेलांट्या ओढून सरळ केल्यास, म्हणून तुझ्याकडेच येते. आमच्या टाउनचा एक ठराव येतो आहे. इथल्या जुन्या घरांच्या खरेदीखतांत एक कलम आहे. कॉकेशियन वंशाच्या, म्हणजे गोऱ्या, माणसांखेरीज कोणी या घरात राहू नये, नोकर म्हणून राहिलं तर चालेल. कायद्यानं ते केव्हाच मेलं आहे, पण कागदावर अजून आहे. आमच्याही कागदावर आहे, मी परवा पहिल्यांदा वाचलं! टाउन कौन्सिलनं जाहीर माफी मागावी, आणि ज्यांना हवं त्यांना टाउनच्या वकिलाकडून ते कलम रद्द झाल्याची नोंद करून मिळावी, असा ठराव आहे. नागरिकांच्या ज्या समितीनं तो तयार केला तिची अध्यक्ष आपली ओडेसा. ओडेसा व्हिटफील्ड, चारुताची दुसरीतली टीचर. आता समोरच राहते आणि रोज सकाळी मला ओढून चालायला नेते.

गावात आता मराठी घरं इतकी झाली की सूचना मराठीतूनही काढणार आहेत. ओडेसानं माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मीही हो म्हटलं, तिला नाही म्हणायला तोंड कुठे आहे मला? सिटिझनशिप मिळाली तेव्हा मतदार म्हणून नाव घालायला तिनेच हाताला धरून नेलं होतं. नरेंद्र गेला तेव्हा तिच्या चर्चच्या बायकांनी तेरा दिवस डबे आणले, आणि पहिल्या दिवशी दारात उभं राहून विचारलं, अंडं चालतं का?

मसुदा सोबत आहे. पहिलं वाक्य मी असं केलं आहे: ‘हे शब्द आम्ही आमच्या खरेदीखतांत लिहिले. ते आम्हीच खोडणार.’ इंग्रजीत नुसतं ‘वी’ आहे. त्या लोकांना बरं आहे, कोण आत आणि कोण बाहेर ते सांगावंच लागत नाही. मराठीत बसलं की आम्ही का आपण ते आधी ठरवा. मी ‘आम्ही’ केलं. आम्ही म्हणजे कौन्सिल. बरोबर ना?

तुझी वहिनी,
शोभना


२४ जानेवारी २०२५
एडिसन, न्यू जर्सी

प्रिय वहिनी,

वड्या पोचल्या. ह्यांनी एक तोंडात टाकली आणि अर्धा तास गप्प होते. घरात इतकी शांतता कित्येक वर्षांत नव्हती, त्याबद्दल आभार.

मसुदा लाल करून परत पाठवते आहे. रागावू नकोस. ‘नागरीक’ नव्हे, ‘नागरिक’. ‘स्विकार’ नव्हे, ‘स्वीकार’. आणि ‘सदर’ हा शब्द चार ओळींत पाच वेळा आला आहे. तू एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतीस, तहसील कचेरीत नव्हे.

‘आम्ही’ अगदी बरोबर. त्याला हातही लावू नकोस. ते कलम त्यांनी लिहिलं, माफी तेच मागणार. त्यात आपला काय संबंध? आपण तर नंतर आलो, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन.

काल ओक ट्री रोडवर चितळे बाकरवडी घ्यायला उभी होते, तर मागची मुलगी मला म्हणाली, आँटी, तुम्ही लाइनमध्ये आहात का? आँटी! पंचवीस वर्षांपूर्वी काकू म्हणायचे. आता आजी म्हणतील तेव्हा मी ती लाइनच सोडून देणार आहे.

आणि एक. खाली ‘मुद्रितशोधन’ म्हणून माझं नाव घालू नकोस. उगीच कशाला.

तुझी,
मंजू


९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजू,

वेलांट्या दुरुस्त केल्या. पण आज त्यासाठी लिहीत नाही.

आमच्या कॉलनीची जुनी होमओनर्स असोसिएशन बंद झाली तेव्हाचे कागद कुणीतरी टाउनला देऊन टाकले होते. खोकीच्या खोकी. समितीतले आम्ही पाचसहाजण गुरुवारी सकाळी टाउन हॉलच्या तळघरात बसून ते लावतो. त्याला कारण आहे. कौन्सिलमधले दोघंतिघं म्हणतात, हे कलम पन्नास वर्षांपूर्वी मेलं, घरविक्रीतला भेदभाव बंद करणाऱ्या १९६८ च्या कायद्यानंतर इथे कुणी ते पाळलंच नाही, मग माफी कशाची? ओडेसा म्हणते, पाळलं. १९७९ साली ती आणि तिचा नवरा रेमंड आमच्याच गल्लीतलं घर बघायला आले होते. कृष्णवर्णीय जोडपं दारात बघून एजंट म्हणाला, विकलं गेलं. घर पुढच्या मार्चपर्यंत रिकामं होतं! पण हे तिचं तोंडी सांगणं. कागदावर काही नाही. कौन्सिलमधला एकजण स्पष्ट म्हणाला, ६८ नंतरचा एक कागद दाखवा, मी ठरावाच्या बाजूनं हात वर करतो.

परवा तो कागद मला सापडला.

एक टाइप केलेलं पान आहे. वरचा कोपरा ओलीनं गेलेला, तारीख नाही. दुसरं पान नाही, म्हणून सही नाही. असोसिएशनला लिहिलेलं पत्र. ‘माझी पत्नी व मी भारतातून आलो आहोत. शास्त्रानुसार भारतीय लोक कॉकेशियन वंशात मोडतात. तेव्हा आपल्या कलमाचा आम्ही भंग करत नाही. आम्हाला कृष्णवर्णीयांत गणू नये. आम्ही त्यांच्यातले नाही. असोसिएशनच्या नियमांना आमचा पाठिंबाच राहील.’

‘कॉकेशियन’चं स्पेलिंग टाइप करणाऱ्यानं चुकवलं होतं. मधे एक अक्षर पेनानं घातलं आहे. हिरव्या शाईनं.

मंजू, अमेरिकेत आल्यावरही हिरवी शाई कोण वापरायचं? मामंजी गॅझेटेड ऑफिसर, म्हणून नरेंद्रलाही हिरवाच पेन. त्याचा तो ‘ए’, पोट फुगलेला. चाळीस वर्षं वाणसामानाच्या याद्यांवर बघितला आहे मी.

मला हसूही आलं, खरं सांगते. चौथीच्या भूगोलात आपल्याला शिकवलं होतं ना, जगात वंश किती आणि आपण कुठल्या वंशातले? नरेंद्रला तो धडा पाठ होता. एजंटनं सांगितलं असेल, शेजारी कुरकुरतात, काहीतरी लिहून द्या, आणि ह्यानं चौथीचा धडा लिहून दिला. नक्की त्या एजंटच्या ऑफिसातच टाइप करून घेतलं असणार. घरी तर मला एक अक्षर बोलला नाही.

हसणं तिथंच थांबलं. ‘माझी पत्नी व मी.’ त्या ‘आम्ही’त मी आहे, मला न विचारता.

ओडेसा तेव्हा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मी कागद फाइलमध्ये ठेवला, फाइल खोक्यात ठेवली आणि म्हटलं, माझं खोकं पुढच्या गुरुवारी करते. खोटं बोलले. एवढ्या वर्षांत तिच्याशी पहिल्यांदा.

दाखवला तर ठराव होईल आणि ओडेसा जाईल. नाही दाखवला तर ओडेसा राहील, पण मग रोज सकाळी मी तिच्याबरोबर कुठल्या तोंडानं चालू? तू सांग.

शोभना


२ मार्च २०२५

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. इथे अजून बर्फ आहे. ह्यांचं गुडघ्याचं चालूच आहे. भाजीवाल्याकडे गवार अजिबात चांगली नाही.

मला वाटतं, ते खोकं होतं तसं असू दे. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. तो आता उत्तर द्यायला नाही. तो तेव्हा तिशीतला माणूस, नव्या देशात, बायको गरोदर, डोक्यावर छप्पर हवं. आणि शाई काय, कुणाचीही असू शकते.

तुझी तब्येत सांभाळ.

मंजू


१७ मार्च २०२५

प्रिय मंजू,

पंचेचाळीस वर्षांत तुझं इतकं लहान पत्र आलेलं नाही. गवारीबद्दल लिहिलंस तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलं आहे. पण काय ते कळलं नाही. माझ्यावर रागावलीस का, दादाबद्दल लिहिलं म्हणून?

मी ओडेसाला दाखवला.

तुझं पत्र येईपर्यंत थांबले होते. मग लॅब आठवली. आपल्याला नको असलेला रिपोर्ट आला म्हणून सॅम्पल मोरीत ओतून देत नाहीत. एकदाही ओतलं नाही, मग आताच का ओतू? गुरुवारी खोकं उघडलं आणि पान तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हे नरेंद्रचं आहे. मला माहीत नव्हतं. पण हे आमच्या घराचं आहे.

तिनं वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग म्हणाली, “रेमंड नेहमी विचारायचा, त्या माणसापाशी असं काय आहे जे माझ्यापाशी नाही? पोस्टातली कायमची नोकरी होती, आर्मीतून आलेला होता. आता कळलं. आमचं एक पत्र कमी पडलं.”

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, “आज नको, शोभना.” कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, त्यावर नंबर टाकला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि कोट घालून निघून गेली. तेव्हापासून सकाळी बेल वाजलेली नाही. बूट घालून बसते आणि मग काढून ठेवते.

तिला दोष देत नाही. उलट मला सारखं आठवतं, चारुता दुसरीत गेली तेव्हा सगळी शाळा तिला ‘शारोटा’ म्हणायची. ही बाई वर्गात पहिल्या दिवशी म्हणाली, तुझं नाव तू मला शिकव, मग मी सगळ्यांना शिकवते. आणि पंचवीस मुलांकडून ‘चा-रु-ता’ घोकून घेतलं. तेव्हा रेमंडला घर नाकारून आठ वर्षं झाली होती. त्याच गल्लीत ज्या लोकांना घर मिळालं त्यांचीच ही मुलगी, हे तिला माहीत होतं. पत्राचं नव्हतं, पण घराचं माहीत होतंच ना?

आपण विमानातून उतरलो तेव्हा दार उघडंच होतं, मंजू. आपल्याला वाटलं, आपले मार्क बघून उघडलं. ओडेसाची माणसं मार खात, तुरुंगात जात रस्त्यावर उतरली, तेव्हा ६५ साली मतदानाचा कायदा बदलला आणि त्याच वर्षी आपल्यासारख्यांना येऊ देण्याचाही बदलला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कधी तिला थँक यू म्हटलं नाही. आणि आत आल्यावर नरेंद्रनं पहिलं काम काय केलं, तर मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार ढकललं. मी त्याच्यावर अजून प्रेम करते आणि मला त्याचा फार राग आला आहे. दोन्ही एकाच वेळी होतं, हे या वयात कळलं.

आता पुढचं. २२ एप्रिलला मतदान आहे. कागद कौन्सिलकडे गेला, तर तोच सद्गृहस्थ म्हणतो, सही नाही, तारीख नाही, नाव नाही. एका अक्षराच्या हिरव्या शाईवर विश्वास कसा ठेवू? त्याचंही चूक नाही. माझ्या लॅबमध्ये लेबल नसलेली बाटली आली असती तर मीही परत पाठवली असती. टाइप करणारी ती एजंटची बाई तर आता हयातही नसेल.

इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष सत्यजित आला होता. कॅरीला कंपनीत आहे, पुण्याचा, गुणी मुलगा. म्हणाला, “काकू, प्लीज हे पब्लिकली रीड करू नका ना. लोकल न्यूजमध्ये डायरेक्ट ‘इंडियन्स’ म्हणून येणार. आपण इथे मेहनतीनं इमेज बिल्ड केलीय, यार.” काकूला यार म्हटलं म्हणून जीभ चावली त्यानं. मी त्याला वडी दिली. त्यामुळे पुढचं बोलणं आपोआप थांबलं.

तुझी,
शोभना


२९ मार्च २०२५

प्रिय वहिनी,

टाइप करणारी बाई हयात आहे. एडिसनला राहते, वय एकाहत्तर, रक्तदाबाची गोळी घेते.

पाच वेळा हे पत्र लिहून फाडलं. आता लिहिते आहे ते न वाचता पाकिटात घालणार. चुका असतील तर तू लाल कर.

डिसेंबर १९७९. मी येऊन तीन आठवडे झाले होते. तुझ्याशी ‘अहो वहिनी’ करून बोलत होते, आठवतं? तुझी लॅबमध्ये दुपारची ड्यूटी होती. दादा जुना टाइपरायटर घेऊन आला आणि म्हणाला, मंजे, पुण्यात टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झालीस ना, दाखव बघू. तो अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरात येरझारा घालत मराठीत सांगत होता आणि मी इंग्रजी करून टाइप करत होते. ‘शास्त्रानुसार’ म्हणताना त्याचा आवाज मास्तरांसारखा झाला होता. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “लिही, आम्ही त्यांच्यातले नाही.”

मी विचारलं, “त्यांच्यातले म्हणजे?”

तो म्हणाला, “तू लिही गं.”

मी लिहिलं. वहिनी, मला कळलं होतं. पंचवीस वर्षांची होते, बाळ नव्हते. लायब्ररीत वर्तमानपत्रं वाचत होते. पण मला वाटलं, बरं झालं. आपण त्या बाजूचे नाही, बरं झालं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं होतं. शब्द दादाचे होते, पण इंग्रजी माझं होतं. ‘पाठिंबाच राहील’ हे तर मीच घातलं, शेवट जरा वजनदार व्हावा म्हणून. दादानं पाठ थोपटली. फक्त त्या एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं, ते त्यानं हिरव्या पेनानं नीट केलं आणि मला टपली मारली.

तुला सांगू नकोस असं तो म्हणाला नव्हता. मीच सांगितलं नाही. तू पत्रांत ओडेसाचं कौतुक लिहायचीस, तेव्हा दर वेळी वाटायचं, सांगावं. मग मी तुझ्या वेलांट्यांवर विनोद करायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या मागे लागले. माझी खरी चूक स्पेलिंगची नव्हती हे मला माहीत होतं.

सोबत नोटरीसमोर सही केलेलं निवेदन आहे. कधी, कुठे, कुणी सांगितलं, कुणी टाइप केलं, सगळं. ते कौन्सिलला दे. दादाचं नाव आहे त्यात. मला तो किती आवडायचा तुला ठाऊक आहे. त्यानं मला एअरपोर्टवर घ्यायला येताना घरचा गरम कोट आणला होता, स्वतः स्वेटरवर आला होता. तोही तोच आणि हाही तोच.

ओडेसाबाईंना मी काय लिहू ते सुचत नाही. तू रागावली असशील तर रागाव. पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.

मंजू


२४ एप्रिल २०२५

प्रिय मंजू,

रागावले होते. चार दिवस. पाचव्या दिवशी अळूची वडी करताना कुणाला सांगावं असं झालं, तर तूच आठवलीस. मग राग धरून ठेवता येईना.

परवाचं सांगते. टाउन हॉल भरला होता. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात, समोर घड्याळ उलटं पळत असतं. मी उभी राहिले आणि नुसतं पत्र वाचलं. कुठलंही भाषण नाही. मग म्हटलं, हे माझ्या नवऱ्यानं लिहवून घेतलं, मी त्या घरात पंचेचाळीस वर्षं सुखात राहिले, आणि ज्यांना ते सुख मिळालं नाही त्यांनीच माझ्या मुलीला शिकवलं. मग क्लार्कनं तुझं निवेदन वाचलं. ‘शेवट वजनदार व्हावा म्हणून मी हे वाक्य घातलं’ हेसुद्धा वाचलं.

तो सद्गृहस्थ कागद हातात घेऊन म्हणाला, “मी एक कागद मागितला होता.” आणि हात वर केला. पाच विरुद्ध दोन. झालं, मंजू! टाउननं माफी मागितली. आमच्याच गल्लीतल्या अकरा घरांनी नोंदीचे अर्ज लगेच भरले. मागे वळून बघते तर सत्यजित आला होता, मंडळातले आठदहाजण घेऊन, सगळे ऑफिसातून थेट. म्हणाला, “काकू, इमेजचं जाऊ दे. पण तुमचं पत्र ऐकून आईची आठवण आली, तीही असंच सगळ्यांसमोर खरं बोलते.” मग खुर्च्या आवरायला गेला.

ओडेसा पुढच्या रांगेत होती. माझ्याकडे बघितलं नाही. मीही गेले नाही जवळ.

काल सकाळी सव्वासातला बेल वाजली. दारात ओडेसा, पायात चालायचे बूट. म्हणाली, “सहा आठवडे मी एकटी चालले. माझा गुडघा तुझ्या बडबडीशिवाय चालत नाही.” मी रडायला लागले तर म्हणाली, “चालताना रड, ऊन वाढेल.”

तळ्यापर्यंत चालत गेलो. मग म्हणाली, मला राग आला होता, अजून आहे, आणि तो माझा मी सांभाळीन. पण तू तो कागद परत खोक्यात टाकू शकली असतीस. रेमंडला उत्तर न मिळताच तो गेला. मला मिळालं. त्यासाठी तुझे आभार आणि त्या टाइपिस्टचेही. तुला सांगायला सांगितलं आहे, शब्दशः: “तिला म्हणावं, एकोणऐंशी साली नाही, पण आता बरोबर टाइप केलंस.”

मंजू, आभार तिनं मानले! मी तिला म्हटलं, अगं, आभार मी मानायचे, एवढ्या वर्षांचे, आणि आजवर कधी मानलेच नाहीत. मग उभी राहून मानले, तळ्याच्या काठी, सगळे, मतदार यादीपासून डब्यांपर्यंत. ती म्हणाली, अंड्याचं विसरलीस.

परत येताना तिनं सूचनेचं विचारलं. तुमच्या भाषेत झाली का? मी सांगितलं की पहिल्याच वाक्यात अडले आहे. आमच्यात ‘वी’ दोन आहेत. एकात समोरचा माणूस असतो, एकात नसतो. आधी ‘आम्ही’ लिहिलं होतं, कौन्सिल म्हणून. पत्र सापडल्यावर ते लबाडीचं वाटलं, म्हणून दोन्हीकडे ‘आपण’ केलं. आपण लिहिले, आपणच खोडणार.

ती थांबली. “मग मी कुठल्या ‘वी’मध्ये?”

म्हटलं, “आपणमध्ये. म्हणजे सगळे.”

“शोभना,” ती म्हणाली, “मी ते लिहिलं नव्हतं.”

लख्ख चूक दाखवली बघ, तुझ्यासारखी. मी तिला आत घ्यायच्या नादात तिच्याच माथी आमचा गुन्हा मारत होते. मग रस्त्यातच उभं राहून आम्ही दोघींनी वाक्य केलं: ‘हे शब्द आम्ही लिहिले. ते आपण सगळे मिळून खोडू या.’ तिला उलगडून सांगितलं, लिहिण्यात तू नाहीस, खोडण्यात आहेस. तिनं तो दुसरा शब्द म्हणून बघितला. ‘आप्पन.’ मी म्हटलं, जवळजवळ. तर म्हणाली, जवळजवळ चालणार नाही, मी शिक्षिका आहे. आणि घरी पोचेपर्यंत, पार दारापर्यंत, ‘आ-प-ण, आ-प-ण’ घोकत आली. तिसऱ्या मेलबॉक्सपाशी अगदी स्वच्छ आलं.

इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आहे आणि मराठीत एकाच ओळीत दोन. तुझ्या डोळ्याला खटकेल. मसुदा पाठवते आहे. काय करायचं ते कर.

तुझी,
शोभना


६ मे २०२५

प्रिय वहिनी,

मसुदा तपासला. ‘नोंद’वरचा अनुस्वार गळला होता, तो दिला. ‘सदर’ अजून एका ठिकाणी लपलं होतं, ते काढलं.

पहिलं वाक्य पुष्कळ वेळा वाचलं. आम्ही आणि आपण, दोन्ही बरोबर आहेत. हात लावला नाही.

खाली माझं नाव नको म्हटलं होतं. आता घाल. ‘भाषांतर: शोभना देवस्थळी. मुद्रितशोधन: मंजुषा परचुरे.’ त्या ‘आम्ही’त कोण कोण आहे हे वाचणाऱ्याला कळू दे.

ओडेसाबाईंना वेगळं पत्र लिहिलं आहे, इंग्रजीत, हातानं. टाइप केलं नाही. जूनमध्ये मी येते आहे, त्यांना तोंडानंही सांगायचं आहे. त्यांना चालायला तिसरी बाई चालेल का विचारून ठेव, आणि माझ्यासाठी बूट घेऊन ठेवू नकोस, माझे मी आणते. वड्या मात्र करू नकोस.

शाळेत पत्राचा शेवट कसा करायचा ते शिकवलं होतं. परक्या माणसाला, साहेबाला, संपादकाला एक ठरलेला शब्द लिहायचा. म्हणून तुला मी तो कधीच लिहिला नाही, नेहमी ‘तुझी’ लिहिलं. आजही तेच लिहिलं होतं. मग खोडलं. हे पत्र तू त्यांनाही वाचून दाखवशील, आणि त्या विचारतील की शेवटचा शब्द दोघींपैकी कुणासाठी आहे. त्यांना सांग, तो शब्द ‘आपण’चाच आहे, दोघींसाठी.

आपली,
मंजू